नवं क्राफ्टिंग गिअर परवडतं का? फायनल फँटसी १४ मधल्या नव्या क्राफ्टरांसाठी

लेव्हल १०० गाठली, मार्केट बोर्ड (खेळातला बाजार) उघडला, क्राफ्टरांच्या गिअरच्या, म्हणजे कपडे-अवजारांच्या, वरच्या संचाची किंमत पाहिली आणि हात थबकला. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळात ही वेळ जवळजवळ प्रत्येक नव्या क्राफ्टरवर, म्हणजे वस्तू बनवणाऱ्या खेळाडूवर, येते. कुणी सांगतं, पूर्ण संच घेऊन प्रत्येक नगाच्या पाचही जागी मटेरिया (आकडे वाढवणारे खडे) बसवल्याशिवाय क्राफ्टिंगला अर्थ नाही. कुणी सांगतं, काहीच घेऊ नका. दोघांनीही तुम्ही काय बनवता हे विचारलेलं नसतं, आणि उत्तर सगळं त्यावरच ठरतं.

गिअरचे आकडे थोडे वाढले म्हणून गिल (खेळातलं चलन) येत नाहीत. आज न बनणारी वस्तू बनू लागली, एनक्यू (साध्या दर्जाची) निघणारी एचक्यू (उच्च दर्जाची) निघू लागली, कलेक्टेबल (बक्षिसासाठी जमा करायची वस्तू) वरच्या टप्प्यात गेलं किंवा दोन मॅक्रोंचं (कृती क्रमाने आपोआप करणाऱ्या याद्यांचं) काम एकात बसलं, तरच खर्च भरून निघायला सुरुवात होते. यातलं एकही होणार नसेल तर गिअर घेऊ नका.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- ज्या पाच-सहा वस्तू विकायच्या किंवा बनवायच्या आहेत त्यांची यादी
- तुमचे सध्याचे तीन आकडे: क्राफ्ट्समनशिप, कंट्रोल आणि सीपी, म्हणजे कृतींवर खर्च होणारे गुण (खाणं न खाता)
- क्राफ्टिंग लॉगमधलं ट्रायल सिंथेसिसचं, म्हणजे साहित्य न लावता सराव करण्याचं, बटण
- क्राफ्टरांचं एचक्यू खाणं आणि एक सिरप, दोन्ही एकेक नग
- टीमक्राफ्टसारखा, क्राफ्टिंगचा हिशेब आधीच करून दाखवणारा सिम्युलेटर
- मार्केट बोर्डवरचा विक्रीचा इतिहास. मागितलेला भाव आणि खरोखर मिळालेला भाव यांत बराच फरक असतो

## १. यादीतली प्रत्येक वस्तू तपासा

इथेच निम्म्या लोकांचा खर्च वाचतो, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

वस्तूला एचक्यू आहे का, ते आधी पाहा. घरातलं फर्निचर एचक्यू निघतच नाही. तिथे क्वालिटी वाढवण्याचा प्रश्न नाही, फक्त प्रोग्रेस (वस्तू पूर्ण होण्याचा पट्टा) पूर्ण करायची असते. रेसिपीत किमान क्राफ्ट्समनशिप किंवा कंट्रोलची अट असेल तर तेवढी गाठा आणि थांबा. फर्निचरवर चांगली कमाई करणाऱ्या क्राफ्टरला महागड्या संचाची गरज फार क्वचित पडते.

मग रेसिपीची लेव्हल पाहा. लेव्हल ८० ला मिळणारी 'ट्रेन्ड आय' ही कृती २५० सीपी घेते आणि पहिल्याच पावलाला क्वालिटी पूर्ण भरते. अट एवढीच की रेसिपी तुमच्या लेव्हलपेक्षा किमान १० लेव्हल खालची हवी आणि ती एक्स्पर्ट रेसिपी (विशेष अवघड प्रकार) नसावी. म्हणजे लेव्हल १०० च्या क्राफ्टरला लेव्हल ९० पर्यंतच्या वस्तूंसाठी कंट्रोल जवळजवळ बिनकामाचा आहे. जुन्या विस्तारांतले कपडे, ग्लॅमरच्या (फक्त दिसण्यासाठी घालायच्या) वस्तू, इतरांना लेव्हलिंगसाठी लागणारं गिअर हे सगळं यातच येतं.

उरतात त्या लेव्हल ९१ ते १०० च्या वस्तू. त्यातही साध्या लेव्हल १०० च्या रेसिपी आणि तारा लागलेल्या रेसिपी यांत मोठं अंतर आहे. तारेवाल्या रेसिपींसाठी मास्टर रेसिपीचं पुस्तक लागतं, किमान आकड्यांची अट असू शकते आणि क्वालिटीही बरीच जास्त लागते. गिअर वाढवण्याचा विचार खऱ्या अर्थाने इथून पुढे सुरू होतो.

तुमची लेव्हल अजून १०० च्या खाली असेल तर मधल्या संचांवर जास्त खर्च करू नका, ते काही दिवसांत मागे पडतात. दर दहाएक लेव्हलींना साधा संच बदला, टूल मात्र लेव्हलच्या जवळ ठेवा.

## २. आकडे कुठे कामी येतात ते समजून घ्या

क्राफ्ट्समनशिपवर प्रत्येक पावलाची प्रोग्रेस ठरते, कंट्रोलवर क्वालिटी. सीपीवर किती पावलं टाकता येतील ते ठरतं. पहिले दोन आकडे वाढले की प्रत्येक पावलाचं फळ सरळ प्रमाणात वाढतं. फायदा मात्र सरळ वाढत नाही, तो पायऱ्यांनी येतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रेसिपीला ६,६०० प्रोग्रेस लागते. सुरुवात मसल मेमरी या कृतीने केली, ते मूळ प्रोग्रेसचे ३०० टक्के. व्हेनरेशन (प्रोग्रेस वाढवणारा तात्पुरता परिणाम) चालू असताना तीन ग्राउंडवर्क टाकले. पहिल्यावर मसल मेमरीचाही परिणाम असल्याने ३६० चे ९०० टक्के होतात, पुढचे दोन प्रत्येकी ५४०. ही सुरुवात २,२८० टक्क्यांची झाली. मग क्वालिटीचं काम, आणि शेवटी केअरफुल सिंथेसिसचे १८० टक्के. एकूण २,४६०.

तुमची १०० टक्क्यांची मूळ प्रोग्रेस २६५ असेल तर हे ६,५१९ होतात. ८१ कमी पडले, म्हणून आणखी एक केअरफुल सिंथेसिस टाकावं लागतं. त्याचे ७ सीपी आणि १० ड्युरॅबिलिटी (ही संपली की वस्तू फसते). मॅनिप्युलेशन ९६ सीपीत ४० ड्युरॅबिलिटी परत देतं, म्हणजे १० ड्युरॅबिलिटीची किंमत २४ सीपी. त्या एका पावलाला एकूण ३१ सीपी गेले, जवळपास एका ग्रेट स्ट्राइड्सइतके (ही क्वालिटी वाढवणारी कृती).

मूळ प्रोग्रेस २६९ झाली की ६,६१७ होतात आणि ते पाऊल वाचतं. २६५ वरून २६९ वर यायला क्राफ्ट्समनशिप फक्त दीड टक्का वाढवावी लागते. ४,००० असेल तर सुमारे ६० ने. ही वाढ सोन्याची. त्यानंतर मात्र २७५ पर्यंतच्या वाढीने काहीही बदलत नाही, आणि २७५ ला शेवटचं पाऊल बिनसीपीच्या बेसिक सिंथेसिसने होतं, एवढाच ७ सीपींचा फायदा.

आता सगळ्यात वाईट सापळा. मूळ प्रोग्रेस २९० झाली तर नुसत्या सुरुवातीच्या चार पावलांतच ६,६१२ होतात. क्वालिटीला हात लावण्याआधीच वस्तू पूर्ण होते, एनक्यू निघते, साहित्य जातं. गिअर वाढवल्यावर जुना मॅक्रो तपासल्याशिवाय चालवू नका. नव्या गिअरने साहित्य वाया जातं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

कंट्रोलच्या बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळी आहे. क्वालिटी आणि एचक्यूची शक्यता एकाच गतीने वाढत नाहीत. क्वालिटीचा पट्टा निम्मा भरला तरी शक्यता खूप कमी राहते आणि शेवटच्या भागात ती झपाट्याने चढते. पट्टा आधीच पूर्ण भरत असेल तर जादा कंट्रोल वाया. पट्टा थोडक्यात अपुरा राहत असेल तर थोडासा कंट्रोलही खूप मोलाचा.

## ३. ट्रायल सिंथेसिस करून अंतर मोजा

ट्रायल सिंथेसिसला साहित्य लागत नाही आणि काही वाया जात नाही. यादीतली प्रत्येक वस्तू आज अंगावर आहे त्या गिअरने करून पाहा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: प्रोग्रेस किती उरली, क्वालिटी किती कमी पडली, शेवटी किती सीपी शिल्लक होते.

मग तीच रेसिपी सिम्युलेटरमध्ये घाला आणि आकडे थोडे थोडे वाढवत न्या. वस्तू पूर्ण क्वालिटीने निघू लागते तो सगळ्यात छोटा आकडा शोधा. तुमचं लक्ष्य तेच. बाजारातला सगळ्यात वरचा संच किती आकडे देतो हे तोवर पाहूच नका, नाहीतर लक्ष्य आपोआप तिकडे सरकतं.

काही रेसिपींत मधले घटक क्राफ्ट केलेले असतात आणि ते एचक्यू घातले तर सुरुवातीलाच काही क्वालिटी भरलेली मिळते. कमी पडणारी क्वालिटी त्याने भरत असेल तर गिअर लागतच नाही. खाणीतून किंवा झाडावरून मिळणाऱ्या मालाला मात्र एचक्यू नाही. पॅच ६.० या अपडेटमध्ये ते काढून टाकलं, तरी जुन्या मार्गदर्शकांत अजून उल्लेख सापडतो. त्याच पॅचमध्ये कमरेचा पट्टाही गेला. ज्या याद्यांत पट्टा आहे त्या कालबाह्य समजा.

## ४. खाणं आणि सिरप आधी वापरा

एचक्यू खाणं टक्क्यांत आकडे वाढवतं आणि अर्धा तास टिकतं. सिरपचा परिणाम त्याहून कमी वेळ टिकतो, पण सीपीचं सिरप एखाद्या पावलाची तूट सहज भरून काढतं. वरच्या उदाहरणातले ६० क्राफ्ट्समनशिप योग्य खाण्याने एकही मटेरिया न बसवता मिळू शकतात. फक्त वस्तू एकगठ्ठा बनवा, म्हणजे एका नगात बरंच काम होतं.

मॅक्रो खाण्यासकट जुळवलेला असेल तर खाणं संपल्याकडे लक्ष ठेवा. खाणं संपलं की सीपी घसरतो आणि मॅक्रो मधेच अडतो.

आकडे थोडे वाढवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे स्पेशालिस्ट होणं. तुमच्या आठ क्राफ्टर जॉबपैकी तिघांनाच ते करता येतं, तेव्हा ज्यांच्यावर तुमची विक्री चालते त्यांनाच ते द्या.

## ५. वाढवायचंच ठरलं तर क्रम पाळा

क्राफ्टर आठ आहेत. डोकं, अंग, हात, पाय आणि बूट हे पाच कपडे आणि कान, गळा, मनगट व दोन अंगठ्या हे पाच दागिने सगळ्या आठांना एकच चालतात. टूल मात्र प्रत्येकाचं वेगळं, मेन हँड (मुख्य) आणि ऑफ हँड (दुय्यम) मिळून १६. म्हणजे सगळं बदलायचं तर २६ नग. बहुतेकांना त्यातले अर्धेही लागत नाहीत.

पहिला नंबर, ज्या एका क्राफ्टरवर तुमची विक्री चालते त्याच्या मेन हँडचा. क्राफ्ट्समनशिपचा मोठा वाटा तिथेच आहे. त्यानंतर त्याचंच ऑफ हँड, ते कंट्रोलसाठी. इथे थांबून पुन्हा ट्रायल सिंथेसिस करा. बऱ्याचदा काम इथेच भागतं.

भागलं नाही तर कपडे. ते आठही जणांना उपयोगी पडत असल्याने खर्च वाटला जातो. दागिने शेवटी. इतर सात क्राफ्टरांची टूल विक्री वाढेल तशी घ्या, एकदम घेऊ नका.

घेताना एचक्यूच घ्या, एनक्यूचे आकडे कमी असतात. स्क्रिप (क्राफ्टिंगची कामं करून मिळणारं वेगळं चलन) देऊन मिळणारा संच गिलमध्ये काहीच मागत नाही, म्हणून आधी तो पाहा. स्क्रिप ४,००० पर्यंतच साठतात, त्यामुळे कमाल मर्यादेला टेकून बसू नका, खर्चत राहा. कस्टम डिलिव्हरीच्या (खेळातल्या ठराविक पात्रांना वस्तू पोचवण्याच्या) आठवड्याला १२ संधी असतात, एका व्यक्तीला जास्तीत जास्त ६. त्या न चुकता भरल्या तर स्क्रिप बऱ्यापैकी जमतात. पॅच ७.२१ मध्ये, एप्रिल २०२५ ला, आलेल्या कॉस्मिक एक्सप्लोरेशन या उपक्रमात टूल टप्प्याटप्प्याने वाढवता येतात. तिथल्या कामांना साहित्य खेळच देतो, तेव्हा गिल कमी आणि वेळ भरपूर असेल तर हा रस्ता उत्तम.

गिलनेच घ्यायचं तर आपल्या वर्ल्डपुरतं (सर्व्हरपुरतं) पाहू नका. विकता फक्त आपल्या वर्ल्डवर येतं, पण खरेदी दुसऱ्या वर्ल्डवर जाऊन करता येते आणि भावात कधी कधी मोठी तफावत असते.

## ६. मटेरिया: गिल इथेच बुडतात

क्राफ्ट्समनशिपसाठी क्राफ्ट्समन्स कॉम्पिटन्स, कंट्रोलसाठी कमांड, सीपीसाठी कनिंग. नावं सारखी वाटतात, घेताना दोनदा वाचा.

क्राफ्ट केलेल्या कपड्यांना साधारण दोन जागा हमखास असतात, दागिन्यांना एक. तिथे मटेरिया १०० टक्के बसतो. या जागा भरायलाच हव्यात, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

त्यापुढच्या जागांत मटेरिया बसवणं म्हणजे ओव्हरमेल्ड, एकूण पाच जागांपर्यंत. इथे प्रत्येक पुढच्या जागेची शक्यता घसरत जाते: सुमारे १७ टक्के, मग १०, मग ७, मग ५. फसलं तर मटेरिया फुटतो, गिअरला काही होत नाही. सरासरीने सांगायचं तर पहिल्या जादा जागेला ६ मटेरिया, दुसरीला १०, तिसरीला १४, चौथीला २०. कपड्याच्या एका नगाला जादा जागा तीन, म्हणजे सुमारे ३० मटेरिया. दागिन्याला चार, म्हणजे सुमारे ५०. पाच कपडे आणि पाच दागिने धरले तर ४०० मटेरिया, टूल वेगळीच. त्यातले १०० नुसत्या पाच दागिन्यांच्या शेवटच्या जागांवर जातात.

आणि ही सरासरी आहे. ५ टक्क्यांच्या जागेवर २० मटेरिया ओतूनही एकही न बसण्याची शक्यता ३६ टक्के आहे. तीनपैकी एकाला हा अनुभव येतोच. म्हणून मटेरिया विकत घेण्याआधी प्रत्येक जागेसाठी हद्द ठरवा आणि ती संपली की उठा.

मटेरियाची बारावी श्रेणी फक्त हमखास जागा आणि पहिल्या जादा जागेतच बसते. पुढच्या जागांना अकरावी. चुकून बारावीचा ढीग घेऊन ठेवला तर तो पडून राहतो.

प्रत्येक नगावर प्रत्येक आकड्याला कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की जादा भाग वाया जातो. मेल्ड करताना खिडकीत दिसणारी प्रत्यक्ष वाढ वाचा आणि मटेरियाचा पूर्ण आकडा मिळत नसेल तर दुसरा मटेरिया निवडा. नगाच्या माहितीत ओव्हरमेल्डला मनाई लिहिली असेल तर हमखास जागांपुढे तो नग जाणारच नाही, हेही घेण्याआधी पाहा.

माझं मत स्पष्ट आहे: नव्या क्राफ्टरने हमखास जागा भराव्यात, हवी तर पहिली जादा जागा भरावी, आणि पुढे जावं ते फक्त सिम्युलेटरने अमुक वस्तूला अमुक आकडा कमी पडतोय असं दाखवलं तर. सगळ्या जागा भरलेला संच हा एक्स्पर्ट रेसिपी आणि पॅचच्या पहिल्या दिवशी तारेवाल्या वस्तू विकणाऱ्यांचा विषय आहे.

## ७. हिशेब मांडा

इथे एकच नियम कडक पाळायचा: जुन्या गिअरनेही बनत होतं ते या हिशेबात धरू नका. फक्त नव्या गिअरमुळे वाढलेली कमाई धरा.

समजा संच, टूल आणि मटेरिया मिळून ८० लाख गिल लागले. नव्याने बनू लागलेल्या वस्तूवर साहित्य, क्रिस्टल आणि कर जाऊन ३० हजार सुटतात. म्हणजे २६७ नग विकावे लागतील. आठवड्याला २० खपले तर तेरा आठवड्यांहून थोडं जास्त.

पण भाव तिथे टिकत नाही. चार आठवड्यांनी इतर विक्रेते आले आणि नगामागचा नफा १५ हजारांवर आला असं धरा. पहिल्या चार आठवड्यांत २४ लाख आले. उरलेल्या ५६ लाखांसाठी ३७४ नग, म्हणजे आणखी जवळपास १९ आठवडे. तोवर पुढचा मोठा पॅच येऊन त्या वस्तूची मागणी ओसरलेली असते. याउलट १२ लाखांत फक्त एका क्राफ्टरची दोन टूल आणि खाणं घेऊन तीच वस्तू निघू लागली, तर ४० नगांत, दोन आठवड्यांत पैसे परत.

स्वतः खणून आणलेलं साहित्य फुकट धरण्याची चूक टाळा. ते तसंच विकून जे मिळालं असतं, ती त्याची किंमत. नग एकदा अंगावर घातला की मार्केट बोर्डवर विकता येत नाही, त्यामुळे संच विकून पैसे परत मिळतील हे गृहीतही नको. मटेरिया मात्र काढून पुढच्या संचात वापरता येतो.

## ८. कधी घ्यायचं

मोठे पॅच साधारण चार-साडेचार महिन्यांनी येतात. ७.० आला २ जुलै २०२४ ला, ७.१ नोव्हेंबर २०२४ मध्ये, ७.२ मार्च २०२५ मध्ये. सॅव्हेज रेडची (अवघड गट-लढायांची) नवी फेरी सम पॅचच्या सुमारास येते आणि त्याच वेळी लढाईचं क्राफ्टेड गिअर, खाणं, औषधं यांना खूप मागणी असते. त्या लाटेत विकायचं असेल तर गिअर आणि मॅक्रो पॅचच्या आधी तयार हवेत. लाट ओसरल्यावर घेतलेला संच महिनोन् महिने पडून राहतो.

क्राफ्टरांचा स्वतःचा नवा संच बाजारात आला की पहिल्या दिवसांत भाव सगळ्यात चढा असतो. तुम्हाला त्याच आठवड्यात विकायचं नसेल तर थांबा.

## ९. घेतल्यानंतर लगेच करायच्या गोष्टी

- गिअरसेट नव्याने सेव्ह करा, नाहीतर जॉब बदलला की जुनंच गिअर अंगावर येतं.
- 'रेकमेंडेड गिअर' वापरू नका. ते आयटम लेव्हल पाहतं. मटेरिया भरलेला जुना नग काढून रिकामा नवा नग चढवून ठेवेल.
- प्रत्येक मॅक्रो ट्रायल सिंथेसिसमध्ये चालवा. एका मॅक्रोत १५ ओळी बसतात. बफच्या (तात्पुरता फायदा देणाऱ्या) कृतीनंतर २ सेकंद आणि बाकीच्यांनंतर ३ सेकंद थांबण्याची वेळ ठेवा.
- वाढलेल्या सीपीने दोन मॅक्रो एकात बसतात का पाहा. शंभर नग करताना हा वेळ गिलइतकाच महत्त्वाचा आहे.
- गिअरची अवस्था तपासत राहा. शून्य टक्क्यांवर गेलेला नग काहीच आकडे देत नाही आणि मॅक्रो ऐन मोठ्या कामात फसतो. डार्क मॅटर (दुरुस्तीचं साहित्य) सोबत ठेवा.
- स्पिरिटबाँड (नग वापरत गेल्याने भरणारा आकडा) १०० टक्के झाला की नगातून मटेरिया काढून घ्या. नग जात नाही, मटेरिया तेवढा जादा मिळतो.